जुळलेला डॉबरमन

मी आरोग्य केंद्रात कंपाउंडर होतो, पण टेंभुर्णीत मला सगळे डॉक्टरच म्हणत, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. कुत्रं चावलेल्या माणसाच्या बेंबीभोवती चौदा सुया टोचायचं काम तेव्हा माझ्याकडे असायचं. माणसं जे काही ओरडायची ते ऐकून ऐकून कुत्रा या प्राण्याबद्दल माझं मत पक्कं झालेलं. रस्त्यात कुत्रं दिसलं की मी सायकलवर दोन्ही पाय वर घ्यायचो. मग तोल जायचा, आणि बऱ्याचदा मी त्याच कुत्र्याच्या पुढ्यात पडायचो. ते बिचारं घाबरून पळून जायचं.

अशा माणसाच्या घरात डॉबरमन आला.

तो मेव्हण्याचा. मेव्हणा औरंगाबादला कंपनीत होता, त्याची बदली झाली आणि नव्या गावी फ्लॅटमध्ये कुत्रं ठेवायला मनाई निघाली. त्याने बहिणीला विचारलं. बहिणीने, म्हणजे आमच्या हिने, माझ्याकडे न बघताच होकार दिला. टेम्पोतून कुत्रा उतरला. काळा कुळकुळीत, छातीवर तांबूस ठिपके, कान उभे, आणि शेपटीच्या जागी नुसतं बोटभर टोक. वय जेमतेम दोन वर्षं.

सुरुवातीला मी माझ्याच घरात मागच्या दाराने शिरायचो. मी दिसलो की तो प्रेमाने उठायचा. तो उठला की मी बाजेवर चढायचो. त्याला वाटायचं हा खेळ आहे, मग तोही बाजेवर. हिला मात्र त्याचा आठ दिवसांत लळा लागला. ही चुलीपुढे बसली की तो तिच्या मागे टेकून बसायचा, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खायचा आणि तिचं बोलणं ऐकायचा. दिवसभराचं सगळं ती त्याला सांगायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला एवढं बोलायचं असतं हे मला तेव्हा कळलं.

गल्लीचं म्हणाल तर गल्लीने त्याला बघताक्षणी ओळखलं. गावात केबल नुकतीच आली होती. पिक्चरमधला गुंड शीळ घालतो आणि बंगल्यातून जी कुत्री सुटतात, तीच ही जात. मग एकेक माहिती निघायला लागली. याचा जबडा एकदा बसला की उघडत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे, या जातीची कवटी लहान राहते, मेंदू मात्र वाढत जातो, मग एक दिवस डोकं फिरून ते मालकालाच फाडतं. मी आरोग्य खात्यातला माणूस, मी हे हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण मी जेवताना चोरून त्याच्या डोक्याचा अंदाज घ्यायला लागलो.

शेजारी अण्णा राहायचे, निवृत्त ग्रामसेवक. गल्लीत पेपर आधी ते वाचणार आणि मग मोठ्याने बाकीच्यांना. परदेशात काही जातींची कुत्री पाळायला बंदी आली, असं काहीतरी त्यांनी त्यात वाचलं आणि पेपर घडी करून थेट आमच्या ओट्यावर आले.

"तिकडं गोरे लोक बंदी घालून राह्यले, अन् आपण इथं दूधभाकर चारून राह्यलो," अण्णा म्हणाले. "अन् तुमचं बी बराबर आहे म्हणा, डॉक्टर. कुत्रं बी तुमचं, सुया बी तुमच्याच."

हे गल्लीला फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस मला येता-जाता ऐकवत होते.

शेवटी लिंबाच्या पारावर बैठक ठरली. अण्णांनी सगळी तजवीज करूनच ठेवली होती. शहागडला हायवेवर त्यांच्या ओळखीचा एक ढाबेवाला होता, त्याला मागच्या बाजूला उभ्या ट्रकांवर राखण म्हणून कुत्रं हवं होतं. रविवारी जीप येणार, कुत्रं जाणार, दिवसरात्र साखळीला. हिने हे ऐकलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. कुत्र्याशी चालू होतं.

बैठकीत मी बोलायचं ठरलं होतं. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो की दोन्ही बाजूंनी विचार व्हायला हवा. तेवढंच म्हणालो. मग डोक्यावरचा पदर सारखा करत हीच पुढे आली.

"अण्णा, तुमच्या खिलाऱ्या बैलानं किती जणांना शिंगावर घेतलं? पट्ट्या यांनीच बांधल्या. तवा गावातले सगळे खिलार बाहेर काढले का? एखादं जनावर मारकं असतंय. जात कशी मारकी असंल?"

अण्णांच्या बैलाचा प्रसाद मिळालेले दोघे तिथेच बसले होते, ते खाली बघायला लागले. पण अण्णा कसले हरतात. म्हणाले, "बैलाचं वेगळं, सूनबाई. बैल बाजारात पारखून घेतो आपण. ह्याची पारख कुणी केली?"

"मंग करा की," ही म्हणाली.

आणि गल्लीला ते एकदम पटलं. जनावर आहे ना, मग पारख करायची. गल्लीच्या टोकाला बैलांच्या बाजारातले दलाल चाचा राहायचे, सगळ्या पंचक्रोशीतले बैल त्यांच्या नजरेखालून गेलेले. चाचांना बोलावणं गेलं, आणि ही घरून कुत्र्याला पारापाशी घेऊन आली. चाचा हात पुसत आले, कुत्र्याभोवती एक फेरी मारली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

बाजाराची एक रीत आहे. गिऱ्हाईक बघतं, पण जनावर धरून दाखवायचं ते मालकाने. आणि मालक मी.

"पाठीवरून हात फिरवा, डॉक्टर," चाचा म्हणाले. मी फिरवला. "आता पोटाखालून." फिरवला. माझे डोळे मिटलेले होते, असं ही अजून सांगते. चाचांनी कपाळावर भोवरा कुठे आहे ते पाहिलं, चारी खूर, म्हणजे पंजे, एकेक उचलून घेतले, माझ्याकडून. मग शेपूट ओढायला सांगितली. शेपूट ओढल्यावर लाथ मारतो तो बैल घ्यायचा नसतो. पण ओढायला शेपूटच नव्हती.

"शेपूट कुठं गेली?"

मी सांगितलं की लहानपणीच डॉक्टर कापतात. सगळी गल्ली माझ्याकडे वळून बघायला लागली. मी तो डॉक्टर नव्हे हे पटवण्यात थोडा वेळ गेला.

"बरं, दात दावा."

मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात कितीतरी दिवसांनी माझ्यासाठी काहीतरी होतं. मी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेला. त्याने हात हुंगला, चाटला, आणि मी नुसतं बोट लावताच स्वतःहून जांभई द्यावी तसा जबडा उघडला. ऊन, ओला श्वास तळहातावर आला. दुधाचा वास होता त्याला. माझं बोट त्याच्या सुळ्यावर टेकलेलं होतं, आणि तो डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत शेपटीचं ते बोटभर टोक हलवत होता. याला कसली पारख करायची, असं मला वाटलं. मी दुसरा हातही घातला आणि जबडा चांगला फाकवून धरला.

चाचा वाकले, बराच वेळ बघत राहिले. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, आणि खालचे पडून दुसरे येतात त्यावरून त्याचं वय सांगतात. दोन दाती, चार दाती, आणि सगळे आले की जुळला. जुळलेला बैल म्हणजे पोक्त, मस्ती जिरलेला.

"खाली सगळे आले," चाचा म्हणाले. मग आणखी वाकले. "अन् वर बी?" ते सरळ झाले. आवाजात आता आदर होता. "बिलकुल जुळलेला आहे. वरून बी, खालून बी. म्हातारं जनावर आहे हे, अण्णा. हे काय कुणाला चावतंय?"

मी प्रामाणिक माणूस. "चाचा, पण हा तर दोन..." एवढं माझ्या तोंडून निघालं आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर हिची टाच पडली. "दोन वेळा जेवतो," मी म्हणालो.

"म्हाताऱ्याला एवढंच," चाचा म्हणाले आणि घरी गेले.

गल्लीचा नूर त्याच संध्याकाळी बदलला. म्हातारं जनावर दारात आलंय म्हटल्यावर बायका ताकात भिजवलेली भाकरी घेऊन यायला लागल्या, कुणी पोरांना दटावलं की त्याला दगड मारायचा नाही. फक्त अण्णा घुम्यासारखे बसून होते. त्यांनी शब्द दिलेला, रविवारी जीप यायची होती.

ती आली. ढाबेवाला उतरला, साखळी खांद्यावर टाकलेली. ही दारात उभी होती, मी तिच्या बाजूला, आणि कुत्रा आम्हा दोघांच्या मध्ये. जीपचा हॉर्न वाजला तसा तो आनंदाने उसळला, ओट्यावरून थेट कुंपणापलीकडे उडी मारून जीपला दोन फेऱ्या घातल्या आणि तितक्याच वेगाने पुन्हा कुंपण ओलांडून हिच्यापाशी येऊन उभा राहिला. ढाबेवाल्याचा चेहरा खुलला. असंच पाहिजे होतं, म्हणाला, आणि साखळी सोडवायला लागला.

तेव्हा अण्णा त्यांच्या ओट्यावरून उठले.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले. "म्हातारं कुत्रं आहे. हायवेच्या धुळीत दोन दिवसांत मरंल."

"हे म्हातारं?"

"जुळलेलं आहे," अण्णा म्हणाले. "आमच्या चाचांनी दात पाह्यलेत. चहा घ्या अन् जा."

ढाबेवाल्याने चहा घेतला. कुत्रा त्याच्या पायाशी पसरला होता, जीभ बाहेर काढून धापा टाकत, आणि अण्णा वाकून त्याला सांगत होते, की एवढं पळायचं नाही आता, दम लागतो.