खलनायकाशिवाय झंझावात

दुपारचं जेवण झाल्यावर उज्ज्वला टेबलावर नुसतं डोकं टेकते. झोपायचं नाही, असं स्वतःला बजावून. पण पोटात वरणभात आणि डोक्यावर पंखा असताना बजावलेलं कोण ऐकतंय! खालून बोहारणीची हाक येते, लांब जाते, मग बोहारीण नाहीशी होते आणि नुसती हाकच उरते.

"सरक गं. माझ्या कागदावर लाळ गाळू नकोस."

समोर सुधादादा बसलाय. गेल्या चैत्रात गेलेला तिचा थोरला भाऊ. सदऱ्याच्या बाह्या नेहमीसारख्या दुमडलेल्या. उज्ज्वलाला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं.

'झंझावात' ही चित्रकथा दोघांची. नायक उडता येणारा वायरमन. गोष्ट तिची, चित्रं दादाची. खलनायकाचा चेहरा मात्र घरातलाच घ्यायचा, हा दादाचा रिवाज. पहिल्या भागातल्या कालकूटाला त्याने बापूकाकांचं नाक दिलं. काका रागावतील म्हणून सगळे धास्तावले, तर काका लग्नाकार्यात पुस्तक वाटून वर सह्या करत सुटले!

आता दुसरा भाग पुढच्या महिन्यात छापायला द्यायचाय. खलनायक उज्ज्वलानेच काढलाय, कोळशाने.

"याला कान कुठेयत?" दादा विचारतो.

"केसांत आहेत."

"आणि हे माझे डॉक्टर मिराशी आहेत."

टेबलाची थिएटरची बाल्कनी झालेली असते. दोघं शेजारी बसलेत, पडदा पांढराफटक.

"दुसऱ्या भागाला पहिल्यापेक्षा दांडगा खलनायक लागतो, दादा. नाहीतर लोक झोपतील."

"झोपू देत की. तूही झोपलीच आहेस."

"चेष्टा नको. झंझावात लढणार कुणाशी मग?"

दादा पुढची खुर्ची बाजूला सारतो आणि तिथून दवाखान्याची खोली सुरू होते. त्याची खाट, खिडकीत मोसंबी. स्टुलावर डॉक्टर मिराशी बसलेत. डोळे तांबारलेले, मांडीवर 'झंझावात'चा पहिला भाग.

"मास्तर, पुढच्या खेपेला खलनायक मला करा ना," ते खाटेकडे बघून म्हणतात.

"घरच्याच माणसाला करतो आम्ही," खाटेवरचा दादा हसत सांगतो. "तुमचं बघू. वशिला लावा."

हे उज्ज्वलाला ठाऊकच नव्हतं.

"बापूकाकांना आपण लाडाने काढलं, उजे. यांना तू रागाने काढलंयस. म्हणून तर कान विसरलीस."

"मग तुला नेलं कुणी?" ती ओरडते. "कुणीतरी चुकलं असेलच ना! त्यांनी उशीर केला असेल, नाहीतर मी!"

"मी आजारी पडलो गं, वेडाबाई. औषधं झाली, सेवा झाली, तरी गेलो. कुणाच्या माथी खापर फोडशील?"

"मला कुणाशी तरी भांडायचंय."

"माझ्याशी भांड. आयुष्यभर तेच केलंस." तो कणकेचा गोळा तिच्या हातात ठेवतो, कोळसा पुसायला तो नेहमी कणीकच घ्यायचा. "पूस. मी पुसणार नाही, तुझं चित्र आहे."

"आणि गोष्ट?"

"झंझावातला सगळं येतं, तरी एकदा काहीच करता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी तो उठून काय करतो, तेवढं लिही. मला तेच वाचायचंय."

"दादा, थांब ना थोडा."

"लाळ पूस आधी," तो मायेने म्हणतो, आणि पंख्याचा आवाज मोठा होतो.

उज्ज्वला दचकून उठते. कागद गालाला चिकटलाय. तो सोडवून बघते, तर चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग आहे. आज तिने कणीक भिजवलेलीच नाही, भातावरच भागवलंय. पण मुठीत एक मऊ, काळाकुट्ट गोळा आहे. ती तो नाकाशी धरते आणि भडभडून रडते, एकटीच, मोठ्याने.

मग त्याच काळ्या हाताने दुसऱ्या भागाचं पहिलं वाक्य लिहिते: झंझावात वेळेवर पोचला, आणि तरीही त्याचा भाऊ गेला.