तपासणीला कोणी येईना

गुलनार आस्थापना विभागात रुजू झाली तेव्हा 'आस्थापना' म्हणजे काय हेही तिला धड ठाऊक नव्हतं. तिचा नवरा कामरान घाटाखालच्या एका नगरपरिषदेत आग विझवायच्या गाडीवर ड्रायव्हर होता. तो गेला आणि त्याच्यामागे अनुकंपा तत्त्वावर तिला तिथेच लिपिकाची जागा मिळाली. देऊळघाटच्या माहेरी ती बारावीपर्यंत शिकलेली. टायपिंग मात्र नोकरी लागल्यावर, पोरांना झोपवून शिकली. कोणती जागा रिकामी आहे, कोणाची रजा, कोणाचं दवाखान्याचं बिल, कोणाला प्रशिक्षणाला धाडायचं, हे सगळं आपल्याच खोलीतून हलतं, हे तिला हळूहळू उमगत गेलं. आता नवीन लागलेली पोरंसोरं अडली की तिलाच विचारतात.

कामरान कशानं गेला हे ऑफिसात ती कोणाशी बोलत नसे. खोकला त्यानं वर्षभर अंगावर काढला होता. "दवाखान्यात गेलो अन् डॉक्टरनं काही लिहून देल्लं, तं गाडीवरून उतरवतीन मले," म्हणायचा. अकोल्याला नेला तोवर फार उशीर झाला होता.

मागच्या हिवाळ्यात मुख्याधिकारी प्रेरणा मॅडमनी सफाई कामगारांसाठी आरोग्य तपासणीचं शिबिर लावलं आणि ते गुलनारवर सोपवलं. तिनं सभागृहात टेबलं मांडली, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बोलावले, पोहे सांगितले. वसुलीचे बाबू आले, शिपाई आले, वजन करून पोहे खाऊन गेले. सफाईचं मात्र एक माणूस फिरकलं नाही. दुपारी डॉक्टरांनी सामान आवरलं. शेजारच्या टेबलावरचे शेषराव म्हणाले, "फुकटच्या गोष्टीची कदर नसते बाई या लोकायले."

न येण्याची ही तऱ्हा गुलनारच्या ओळखीची होती. ती तिच्याच घरात नांदून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच सफाई कामगारांच्या हजेरीच्या शेडवर गेली. बायका झाडू बांधत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी सिंधूताई. तिचा शब्द कोणी मोडत नसे. गुलनार तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"काल काऊन नाही आल्या, सिंधूताई?"

"काम होतं."

"सगळ्यायलेच?"

सिंधूताईनं झाडू खाली ठेवला. "तुमी कागदवाल्या, म्हून सांगून राह्यली. आजार घरात असला तं आपला असते. हापिसात गेला का हापिसाचा होते. छातीत काही निंघालं, डोळ्यात काही निंघालं, तं उद्या म्हनतीन, घरी बस. मंग खाचं काय?"

"कायम नोकरीवरच्या माणसाले असं काढता येत नाही, ताई. झेपन असं दुसरं काम द्या लागते. नियम हाय तसा."

"नियम तुमच्या खोलीत हाय. इथं येऊन कोनं सांगतला कधी?"

गुलनार, काही न ठरवता, कामरानबद्दल बोलू लागली. त्याचा खोकला, त्याचं भिणं, दवाखान्यासाठी तिनं धरलेला हट्ट आणि मग सोडून दिलेला हट्ट. झाडू बांधणारे हात थांबले. कडेला उभ्या सफाई कामगार उकंडरावनं खोकला दाबायला गमछा तोंडाशी नेला आणि गुलनार पाहते आहे हे लक्षात येताच पाठ फिरवली.

त्याच दिवशी ती मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, आजारी निघालेल्याचं काय करणार, हे आधी तुम्ही स्वतः हजेरीवर येऊन सांगा. शिबिर त्याच्या नंतर."

"सांगेन," मॅडम म्हणाल्या, "पण दुसरं काम देऊ म्हणायचं, तर ते काम आहे कुठे आपल्याकडे? पोकळ शब्द मी देणार नाही."

तेव्हा गुलनार कामं शोधत फिरली. रोपवाटिकेत माळी निवृत्त झाल्यापासून माणूस नव्हता. पाण्याच्या टाकीवर रखवालदार हवा होता, बगीच्यात देखरेखीला कोणीच नव्हतं. कोणत्या कामाला काय शिकवावं लागेल तेही तिनं मांडलं. काही जागांना वरून मंजुरी नव्हती, त्या मॅडमनी खोडल्या. उरल्या त्या थोड्या, पण खऱ्या होत्या.

मॅडम हजेरीवर आल्या आणि साध्या भाषेत बोलल्या. तपासणीत काही निघालं तर पगार कमी होणार नाही, नोकरी जाणार नाही, काम बदलून मिळेल. कोणकोणतं, तेही सांगितलं.

सिंधूताईनं ठेक्यावर लागलेल्या बायकांकडे बोट करून विचारलं, "अन् ठेकेदाराच्या बायाहीचं?"

मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या नोकरीचा शब्द मला आज देता येत नाही. तपासणी आणि औषध त्यांनाही मिळेल. बाकीचं पुढच्या ठेक्याच्या अटीत घालायचा प्रयत्न करते."

गुलनारला वाटलं, झालं, आता सगळं बिघडलं. पण उलटंच घडलं. जे जमत नाही ते बाई तोंडावर सांगते, म्हणजे जे जमतं म्हणाली ते खरं असावं, असा लोकांनी हिशेब केला. पुढचं शिबिर शेडमध्येच, काम सुटल्यावर झालं. सिंधूताई पहिली जाऊन खुर्चीत बसली आणि बाकीच्यांकडे बघत म्हणाली, "या बे, काय पाहून राह्यले?"

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उकंडरावला क्षय निघाला, पण वेळेत. पगारी रजेवर त्यानं औषधाचा पूर्ण कोर्स केला आणि बरा होऊन रोपवाटिकेत रुजू झाला. गुलनारनं त्याला अकोल्याला कलमं बांधायच्या प्रशिक्षणाला धाडलं. सरकारी खर्चानं गावाबाहेर जायची त्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. परत आला तो प्रमाणपत्र लॅमिनेट करूनच. आता गुलनार तिकडे गेली की तो तिला रांगेरांगेनं फिरवतो. "हे लिंबाचं कलम धरलं. हे नाही धरलं. धरीन पुढच्या खेपेस."

ठेक्यावरच्या बायकांचं अर्धंच जमलं. नव्या ठेक्यात आजारपणाच्या रजेची अट आली, नोकरीच्या हमीची नाही. गुलनारनं त्या हमीचा प्रस्ताव पुन्हा तयार केला आहे आणि मॅडमची बदली व्हायच्या आत तो सभेपुढे नेण्याच्या मागे ती लागली आहे.

त्या शिबिरात शेवटी डॉक्टरांनी गुलनारलाही बसवलं होतं. बीपी बरंच वाढलेलं निघालं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही, पण सिंधूताई मागेच उभी होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचंही स्वच्छ दिसतं. सकाळी रस्ता झाडता झाडता नगरपरिषदेच्या पायऱ्या चढणारी गुलनार दिसली, की ती सगळ्यांदेखत हाक मारते, "बाई, गोळी घेतली का?"

"हाव ताई, घेतली," गुलनार म्हणते, आणि घेतली नसेल तर आधी जाऊन माठातून पेलाभर पाणी घेते.