काडी आणि ड्रायव्हरकाकांचं हाड

वॉर्डात तिला तोंडावर डॉक्टर म्हणत, पाठीमागे काडी, अंगाने होतीच तशी. डॉक्टरकी झाली, वरची पदवी झाली, आता रक्ताचे आजार आणि कॅन्सर यांचं शिक्षण चालू होतं. मावशी दर फोनला विचारायची, "सारखी नापास होतेस की काय गं?"

काडीचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. कंबरेच्या हाडात सुई घालून आतली अस्थिमज्जा काढायची. हे सुतारकाम आहे. अंगाचा भार खांद्यातून उतरवावा लागतो. काडी नुसत्या बोटांनी ढकलायची. मागच्या खेपेला सरांनी सुई तिच्या हातातून काढूनच घेतली होती. "पुन्हा अडलीस तर नुसत्या फायली लाव," म्हणाले होते.

आज टेबलावर बसड्रायव्हर होते, टेबल भरून उरलेले. रक्त का आटतंय ते कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय औषध ठरत नव्हतं.

"पोरी, भोक एकच," काका कुशीवर वळत म्हणाले. "दुसरं पाडलंस तर मी चड्डी वर ओढून घरी."

"तुम्ही फक्त हलू नका, काका."

"मी हललो तर तूच पडशील."

सिस्टर हसली. भूल देऊन झाली. काडी स्टुलावर चढली, कोपर पोटाशी घेतलं आणि या वेळी अख्खी सुईवर झुकली. मनगट फिरवत राहिली. मास्क घामाने भिजला. हाड करकरलं आणि सुई रुतली. तिने सिरिंज लावून दांडा ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला. या ओढीला भूल पुरत नाही; काका कळवळले. थेंबसुद्धा नाही.

"सरांना बोलावू?" सिस्टरने हळूच विचारलं.

शिकाऊ माणूस अशा वेळी सुई उपसतो आणि शेजारी दुसरं भोक पाडतो. काडीचाही हात उपसायला गेला होता. पण सुई तिळभर डुगडुगत नव्हती. आपलं काम बरोबर असेल, हे इतका वेळ तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सुई जागेवर आणि तरी कोरडी, म्हणजे आतच काहीतरी गच्च भरलंय. मग ओढून उपयोग नाही, तुकडाच कापायला हवा.

"काका, भोक तेच. पण आणखी आत जाते. दुखेल."

"मग आतापर्यंत काय गुदगुल्या केल्यास?"

ती पुन्हा झुकली. बाहेर आला तो आगकाडीएवढा हाडाचा तुकडा.

सरांनी आल्यावर तो उजेडात धरला. "सिरिंजमध्ये?"

"काही नाही, सर. आत गच्च आहे."

"हं. स्टूल जागेवर ठेव," सर म्हणाले आणि गेले. सरांची शाबासकी अशीच असायची.

तुकड्यात रोगट पेशी दाटलेल्या सापडल्या. रोगाला नाव मिळालं, औषध सुरू झालं.

पुढच्या तपासणीला काका बाकावर ठाण मांडून बसले.

"आत दुसरे डॉक्टर रिकामे आहेत," सिस्टर म्हणाली. "चांगले धिप्पाड आहेत."

"मला काडीच हवी."

काडी मागेच उभी होती. ती स्टूल आणायला गेली.