सैल होत गेलेला दोरा

सयाजीरावानं उभा जन्म म्हैसुरात हेब्बाळच्या कंपनीची बस हाकली. वाडवडील तिथल्या राजाच्या घोड्यांवर, हा स्टिअरिंगवर. गडी बोलायला तुटक. बायको गिरिजाबाई मात्र बोगादीच्या भाजीवालीशी कन्नडात भांडण काढायची न् मराठीत संपवायची.

सहा वर्षांमागं तिला नाकाचा कॅन्सर झाला. लाखात एखाद्याला होतो असला, वास घेणाऱ्या जागीच धरलेला. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक. तोंडातली लाळ आटली, भाकरी पाण्याच्या घोटासंगं ढकलावी लागायची. घरी सोडताना डॉक्टरीणबाईनं बजावलं, "नाक बरं झालं म्हणून निवांत बसू नका. हा रोग कित्येक वर्षांनीसुद्धा मानेच्या गाठींत उतरतो. दर तीन महिन्यांनी येऊन मान चाचपून घ्यायची." तीन वर्षं दोघं नेमानं गेली. मग एकदा लग्न आडवं आलं, एकदा पाहुणे, आणि जाणं सुटलं ते सुटलंच.

मग एका गौरीला ती ठुशी घालून पाठमोरी बसली.

"अहो, दोरा जरा सैल करा. काचतंय."

"खातीस किती!"

"तुमच्या घरात खायला मिळतंय होय?"

दोरा सोडताना त्याचं बोट डाव्या बाजूला सरकलं. कानाखाली सुपारीएवढं टणक काहीतरी. बोट थांबलं. बोट थांबलं हे तिलाही कळलं. त्यानं दोरा दोन बोटं वाढवून बांधला.

दसऱ्याला आणखी दोन बोटं. संक्रांतीला वाढवायला दोराच उरला नाही.

"संपला गं," तो म्हणाला.

"मग चला," ती म्हणाली. कुठं, ते त्यानं विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईनं कन्नडात विचारलं, "कधीपासून आहे?"

"झाले असतील पंधरा दिवस," गिरिजाबाई म्हणाली.

"न्हाई," सयाजीराव म्हणाला. "गौरीपासनं. मी बोटानं बघितली हुती."

डॉक्टरीणबाईनं मानेच्या दोन्ही बाजू दाबून बघितल्या. गौरीच्या वेळी एकीकडंच असणार, म्हणाली. आता दुसरीकडंही उतरलंय, मोठ्या रक्तवाहिनीला धरलंय. गाठी काढू, खांद्याची नस जाईल, पुन्हा शेक द्यावे लागतील. सगळं निघेल असं मात्र ती म्हणाली नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, "पंधरा दिवस कशाला म्हणालीस?"

"तुमाला बोल लागू नये म्हणून."

"आन् घरात का गप बसलीस?"

"तो शेक पुन्यांदा नगं वाटला. तुमी का गप बसला?"

"तू बोलशील म्हणून."

ऑपरेशन सात तास चाललं. रक्तवाहिनीला चिकटलेलं तेवढं राहिलं. शेक झाले, पण डावा हात खांद्याच्या वर उचलेना. मग तिची वेणी तो घालायला लागला. "भांग हाय का रिंग रोड?" ती आरशातून विचारायची. आठ महिन्यांत रोग छातीत गेला, आणि दिवाळीच्या आधी ती गेली.

तेराव्याला माणसं जमली. लेक सौम्या येईल त्याला सांगत होती, "ह्या वेळी अचानकच आलं हो. कुणाला कळलंच नाही."

सयाजीराव भिंतीला टेकून बसला होता.

"अचानक न्हाई," तो म्हणाला. "चार म्हैने माझ्या बोटाखाली हुतं."

सौम्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. कुणीतरी म्हणालं, "असू दे राव, आता काय त्याचं."

"असू दे कसं?" तो म्हणाला.