डाव्या वेणीचा हात

एका आईला पुस्तकातून नाहीसं करायला किती खळ लागते, ठाऊक आहे तुम्हाला? चमचाभर पुरते. परवा आमच्या लालबागच्या चाळीतल्या वाचनालयात मी मुलांचं कपाट उघडलं आणि तो वास आला. शिजवलेल्या मैद्याचा, थोडा आंबूस, थोडा तांब्याच्या भांड्यासारखा. झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून खळीत मोरचूद घातलं की असा वास येतो.

या वासात मी वाढले. गिरण्या बंद पडल्यावर बाबा आणि त्यांचे सोबती घरांच्या हक्कासाठी पत्रकं चिकटवत हिंडायचे आणि पातेल्यातली खळ ढवळायचं काम माझ्याकडे असायचं. अक्षरओळख मला पत्रकांनीच करून दिली. चाळीतलेच एक काका शिकवायचे, आधी कोपरे, मग मधला भाग, मग तळहाताने हवा बाहेर. मोरचुदाची युक्तीही त्यांचीच. कागद भिंतीवर नीट बसला की त्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "आता बोलू दे त्याला." खळ मुक्या भिंतींना बोलकं करते, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलं.

दुसऱ्या मजल्यावर दोन बायका आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी राहतात. एक शाळेत शिकवते, दुसरी परळच्या एका इस्पितळात रक्त तपासते. मुलगी पहिलीला आई म्हणते आणि दुसरीला बाय, कोकणातल्या जुन्या घरांतून म्हणतात तसं. दोघींना मिळून दत्तक घेता येत नाही, म्हणून मूल एकीच्या नावावर आहे. कागदोपत्री फक्त आई. बाय कुठेच नाही. चाळीने आपल्या सोयीने ठरवून टाकलं की या मावसबहिणी आहेत, आणि गणपतीत दोघींच्या हातचे मोदक आवडीने खाल्ले.

मग मी एक चित्रांचं पुस्तक आणून त्या कपाटात ठेवलं. त्याच्या एका पानावर दोन आया पायरीवर बसून एका मुलीच्या वेण्या घालतात, उजवी एकीच्या हातात, डावी दुसरीच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने ते पाहिलं, स्वतःच्या दोन्ही वेण्या मुठीत धरल्या आणि वाचनालयभर सांगत सुटली, "ही आई, ही बाय. आमच्याकडे पण अस्संच." चाळीने इतकी वर्षं जपून झाकलेलं तिने हसत हसत उघडं केलं. त्या दिवसापासून त्या दोघी जिना चढू लागल्या की गॅलरीतलं बोलणं थांबतं. त्यांच्या दारापुढच्या चपलांकडे लोक वळून बघतात.

परवा तेच पान बोटांना जाड लागलं. डावीकडच्या आईवर खाकी कागद चिकटवलेला होता, कोपरे चोख, हवेचा एक फुगा नाही. फक्त तिचा वेणी धरलेला हात बाहेर राहिला होता. हात कुणाचा, ते कळायला आता मार्ग नव्हता.

विचारायची गरज नव्हती, तरी काकांकडे गेले. ते गॅलरीत मटार सोलत होते.

"तुम्ही केलंत?"

"मग काय फाडू? पुस्तक फाडायचं नसतं, बाळा. झाकलं."

"कशासाठी पण?"

"त्या पोरीसाठीच." त्यांनी आवाज खाली आणला. "तळमजल्यावरचे दत्तक देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करायला निघालेत. मूल एकीला दिलंय, मग ही दुसरी कोण, म्हणतात. मी म्हटलं, थांबा जरा, रविवारी मीटिंगमध्ये बोलू. तोवर निदान ते चित्र तरी डोळ्यांसमोर नको."

"आणि रविवारी काय ठरेल?"

त्यांनी पुढची शेंग सोलायला घेतली. "तू लढायला उठू नकोस गो. दरवेळी लढून घर मिळत नाही. असलेलं पण जातं."

ज्या माणसाने मला लढणं शिकवलं, त्याच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली. ती खोटी नव्हती, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

काल ती मुलगी वाचनालयात आली, तर तिची एकच वेणी होती. बाय कामावर गेली का, असं मी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "मीच सांगितलं, एकच घाला." मग तिने ते पान उघडलं, खाकी कागदावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "तिला आतून आपण दिसतो का?"

काकांच्या हातून सवयीने एक चूक झाली आहे. त्यांनी बाजारचा गोंद आणला नाही, घरची खळ शिजवली. आणि खळ पाण्याला सोडते. किती पावसाळे आमच्या घोषणा अशाच गळून गेल्या, पण भिंती तिथेच राहिल्या. कागदाखालची आईही तिथेच असणार. मी तो कागद अजून काढलेला नाही. रविवारी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर काढणार आहे. त्यानंतर त्या दोघींच्या दारावर कोण येऊन उभं राहील, मला माहीत नाही.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या घराजवळच्या वाचनालयात जा, मुलांचं कपाट उघडा आणि चित्रांच्या पानांवरून बोट फिरवा. एखादं पान जाड लागलं, तर ओलं फडकं घ्या आणि घाई न करता, एका कोपऱ्यापासून सुरुवात करा.