‘टक्’ झाल्यानंतरचं पेट्रोल

वर्लीन हॅस्केट पहिल्यांदा माझ्या गॅरेजात आल्या तेव्हा त्यांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता आणि त्या मात्र अगदी शांत होत्या. मला शांत गिऱ्हाईक आवडत नाही. आरडाओरडा करणाऱ्याशी भांडून मोकळं तरी होता येतं.

“हा दिवा विझव बाळा,” त्या म्हणाल्या. “बावीस ऑक्टोबरच्या आत धुराची तपासणी व्हायला हवी. नाहीतर नोंदणीचं नूतनीकरण होणार नाही म्हणतात.”

“दिवा विझवून काय होणार मिसेस हॅस्केट? थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो का?”

“मग ताप उतरव. मला रविवारी वेंडेलकडे जायचं असतं.”

वेंडेल त्यांचा थोरला भाऊ. खाली सपाटीवर, चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात अर्ध्या अंगाने लुळा पडलेला. आठवडाभर परिचारिका त्याला कसंबसं दोन घास भरवायच्या, पण पोटभर जेवायचा तो रविवारीच, आणि तेही फक्त बहिणीच्या हातून. आमच्या डोंगरावरून तिकडे बस जात नाही. बाईंचं वय एकाहत्तर, जवळचं दुसरं कुणी नाही.

बिघाड वाचणारं यंत्र लावलं. कोड निघाला पी-शून्य-चार-पाच-सहा. म्हणजे पेट्रोलच्या वाफेची अगदी बारीक गळती. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या एका डब्यात धरून ठेवलेली असते. गाडी अधूनमधून ही सगळी वाट आपणच बंद करते आणि आतला दाब टिकतो का ते बघते. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिला कळतं. दहातल्या सात गाड्यांना नुसतं टाकीचं झाकण बदललं की पुरतं. इथे पुरलं नाही. मग नळ्यांत धूर सोडला, तर तो कोळशाच्या डब्याजवळच्या झडपेतून निघाला. डबा काढला. कोळसा पेट्रोलने भिजून फुटला होता आणि त्याचे कण झडपेत अडकले होते.

हे एकाच गोष्टीने होतं, टाकी भरल्यावरही पेट्रोल ओतत राहिल्याने. मी बाहेर येऊन विचारलं, “पंपावरची नळी ‘टक्’ करून थांबली की पुढे किती भरता?”

“पेट्रोल डोळ्यांना दिसेपर्यंत.”

मला हसू आलं, रागही आला. आमच्या गावात निम्मे लोक हेच करतात. डोंगरावरच्या वणव्यात हे गाव जळालं तेव्हापासून इथे माणसं दोन प्रकारची, आगीच्या आधीची आणि आगीनंतरची. आधीच्यांपैकी कुणाचीही टाकी पाऊण भागाच्या खाली जात नाही. मी नंतरचा. नंतरच्यांनी आधीच्यांना त्या दिवसाबद्दल काही विचारायचं नाही, ही इथली रीत आहे. मी नऊ वर्षं ती पाळली आणि त्याचा मला अभिमान होता. आता नाही.

भंगारातल्या एका गाडीचा डबा काढून बसवला, कोड पुसला. “आता आठवडाभर नेहमीसारखी चालवा. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुऱ्या झाल्या की तपासणीला या. फक्त ‘टक्’ झालं की हात काढायचा. एक थेंबही जास्त नाही. कबूल?”

“कबूल,” त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी बाई हजर, दिवा पुन्हा लागलेला. डब्याला नाक लावायचीही गरज नव्हती, दारातच पेट्रोलचा वास आला.

माझा पारा चढला. “मी काय भिंतीशी बोललो होतो? शाळेतलं पोरही एवढं ऐकतं! आता मी डबे कुठून पैदा करू?”

“मी ठरवून जाते रे,” त्या म्हणाल्या. “पण ‘टक्’ झालं की वाटतं, अजून मावेल. हात थांबत नाही.”

तारखेला दहा दिवस उरले होते. ऑक्टोबरचा कोरडा वारा सुटला होता, रोज धोक्याच्या सूचना येत होत्या. मी म्हटलं, आता एकच उपाय. डबा पुन्हा बदलतो आणि आठवडाभर तुमची गाडी मीच चालवतो. तुम्ही माझा पिकअप न्या. बाई बराच वेळ पर्सचा पट्टा ओढत उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “वेंडेलसाठी,” आणि किल्ली माझ्या हातात दिली.

पिकअपमध्ये चढल्या, चावी फिरवली आणि तशाच बसून राहिल्या. मला वाटलं गिअर सापडत नसेल. खिडकीशी गेलो. त्या पेट्रोलच्या काट्याकडे बघत होत्या. काटा पावच्याही खाली होता.

“अहो, समोर तर पंप आहे. जाता जाता भरून घ्या,” मी म्हटलं.

“मीही हेच म्हणाले होते,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ते सांगितलं, एकदाच, काट्यावरची नजर न काढता. आगीच्या आदल्या दिवशी त्या नवऱ्याचा, ऑरिनचा, पिकअप घेऊन वेंडेलकडे गेल्या होत्या. परतताना दमल्या होत्या, काटा तळाला होता, पण ऑरिनला म्हणाल्या, सकाळी भरून घे. सकाळी धुराचे लोट उठले. ऑरिनने त्यांना शेजारच्या दोन म्हाताऱ्यांबरोबर पुढे निघालेल्या गाडीत बसवलं. तो कुत्री घेऊन मागून येतो म्हणाला. उतारावर वाहनांची रांग चार तास लागली होती. त्याचा पिकअप वळणावर सापडला, तोही आतच. चावी फिरवलेलीच होती आणि टाकी कोरडी.

“त्याने कितीदा चावी फिरवली असेल रे?” त्यांनी मला विचारलं.

नऊ वर्षं मी आगीच्या आधीच्या माणसांच्या गाड्यांचे नुसते कोड वाचत होतो. त्या खाली उतरल्या, माझ्या हातातून आपली किल्ली घेतली आणि डबा न बदललेल्या गाडीत बसून समोरच्या पंपावर गेल्या. नळी ‘टक्’ झाल्यावरही त्या दाबत राहिल्या. मी इथून बघत होतो. धावत जाऊन हात धरावा असं वाटलं, पण गेलो नाही.

बावीस तारीख गेली, नोंदणी संपली. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी पोलिसांनी त्यांना घाटात अडवलं आणि गाडी ओढून नेली. मी म्हटलं, दर रविवारी मी नेतो, टाकी काठोकाठ भरून नेतो, वाटल्यास तुम्हीच भरा. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या गाडीच्या भरवशावर मी आता घरातून हलणार नाही. दाराला कडी लागली.

म्हणून मी एकटा गेलो. वेंडेलच्या समोर बसून कुस्करलेला बटाटा आणि रस्सा चमच्यात घेतला. त्याने तोंड मिटून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. पाऊण तास मी चमचा धरून होतो. शेवटी परिचारिकेने ताट उचललं.

परतल्यावर वर्लीनबाईंच्या दाराशी गेलो. त्यांनी फटीतून विचारलं, “खाल्लं का त्याने?”

“खाल्लं.”

“किती?”

“सगळं,” मी म्हटलं.

“सगळं तो माझ्या हातूनही कधी खात नाही,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.