दहा सेकंदांची सूट

रुग्णालयात तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे. बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी तिच्या हाताखालून जायची, म्हणून. खरं तर तपासायचं काम अँटिव्हायरस सर्व्हरचं, आणि तो रस्त्यापलीकडच्या इमारतीत, कुलूपबंद खोलीत होता. मेल आली की आधी तिकडे जाई. तिकडून निर्धोक असल्याचा निरोप आला, की मगच डॉक्टरांच्या हाती पडे. निरोप आला नाही तर मेल थांबवायची, हा नियम तिनेच घातलेला. अकरा वर्षांत एकही व्हायरस आत शिरला नव्हता. पण जे घडलंच नाही, त्याचं कौतुक कोण करणार?

तक्रारी मात्र ढीगभर. पलीकडची लाइन रखडली की मेल तासन्‌तास अडकायच्या. एकदा खुद्द प्रशासकांची मेल सकाळभर अडकली नि त्यांचं टाळकं सटकलं. त्यांचा फोन आला तेव्हा बाईचे हात कीबोर्डवर होते. तिने तो स्पीकरवर टाकला.

"बाई, दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर मेल तशीच आत सोडायची."

"न तपासता? साहेब, पहारेकऱ्याला डुलकी लागली म्हणून दार सताड उघडं टाकायचं का?"

"मला गोष्टी नका सांगू. आजच करा."

"मग दोन ओळी लिहून द्या."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

तिने फोन बंद केला आणि बदल करून टाकला.

तीन आठवड्यांनी पलीकडची लाइन तुटली. भर दुपारी औषध पुरवठादाराच्या नावाने एक मेल न तपासता आत आली, कुणीतरी तिच्यासोबतची फाइल उघडली, आणि तासाभरात रुग्णांच्या सगळ्या नोंदींना टाळं लागलं. चार दिवस शस्त्रक्रिया बंद. एका थकलेल्या आजींना सगळ्या तपासण्यांसाठी पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागल्या. त्यांचं कण्हणं बाईने जिन्यात उभं राहून ऐकलं.

चौकशीत प्रशासक थंडपणे म्हणाले, "मेल लवकर याव्यात, एवढंच मी म्हटलं. कसं करायचं ते त्यांचं काम."

बदल तिच्याच लॉगिनवरून झालेला. तिने शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहिलं. त्याला तिने बाराखडीपासून हे काम शिकवलं होतं, आणि फोन आला तेव्हा तो हातभर अंतरावर बसला होता.

"तू ऐकलंस ना रे?"

तो नखं बघत राहिला. "नीट आठवत नाही, ताई."

तिची रवानगी तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. घरी नवरा म्हणाला, "साहेबाशी भांडून काय मिळालं?"

"भांडले कुठे?" ती म्हणाली. "भांडले असते तर बरं झालं असतं."

दोन महिन्यांनी सहकारी खाली आला. आता तिच्या खुर्चीवर तोच बसत होता. न तपासलेल्या मेल थांबवायचा नियम परत लावा, असा वरून हुकूम सुटला होता, आणि त्याला काही जमत नव्हतं. क्षणभर तिच्या जिभेवर नकार आला. मग तिने एकेक पायरी सांगितली, चुकेल तिथे थांबवून पुन्हा सांगितली.

"उपकार झाले, ताई."

"तुझ्यावर केले नाहीत," ती म्हणाली, आणि तिने वाळवी लागलेला एक गठ्ठा सोडवायला घेतला.